दमून पोचलेला चेंडू

४ ऑगस्ट
वसतिगृह, खोली क्रमांक १७

मामा,

आधी तुझी तक्रार मीच लिहून टाकते : भाची कॉलेजात गेली आणि मामाला विसरली. झालं? आता माझी ऐक. फोनवर मी काय बोलते ते तुला ऐकू येत नाही. मी ओरडले की शेजारच्या खोलीतल्या मुली भांडण सोडवायला येतात. आणि तुझे मेसेज! तुझं एक बोट एका वेळी दोन अक्षरं दाबतं. परवा तू 'जेवलीस का' विचारलंस की 'झोपलीस का', यावर आम्ही तिघींनी बसून चर्चा केली. शेवटी मी 'हो' पाठवलं. म्हणून आता पत्र.

मामा, मी भयंकर अडचणीत आहे. आम्हाला बास्केटबॉल शिकवणाऱ्या मॅडमनी नवा नियम काढलाय आणि तो माझ्यासाठीच काढलाय हे सगळ्यांना माहीत आहे.

तुला बास्केटबॉल माहीत नाही, म्हणून सांगते. समोरच्या मुलीने मला धक्का मारला, हात ओढला, की तो फाऊल. मग पंच खेळ थांबवतात आणि मला रिंगपासून साडेचार मीटरवरच्या रेघेशी उभं करतात. रिंग दहा फूट उंच. मला अडवायला मधे कोणी नाही, कोणी उडी मारायची नाही, चेंडूला हात लावायचा नाही. बाकीच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून नुसत्या बघतात. मी चेंडू टाकायचा, आत गेला की एक गुण. याला म्हणतात फ्री थ्रो. मॅडम म्हणतात, या खेळातली सगळ्यात सोपी गोष्ट. तीच मला येत नाही!

गेल्या वर्षी फायनल आम्ही एका गुणाने हरलो. मला नऊ फ्री थ्रो मिळाले होते. सात घालवले. त्यातले दोन जरी गेले असते तरी कप आमचा होता. आता हे सगळ्या कॉलेजांना कळलंय. सामना अटीतटीला आला आणि चेंडू माझ्या हातात पडला, की त्या मुद्दाम मला धरतात. मला धरलं की गुण वाचतात, इतकं साधं आहे त्यांचं.

म्हणून मॅडमचा नियम : जिचे शंभरात साठ फ्री थ्रो जातात तीच शेवटची चार मिनिटं खेळणार. माझे अडतीस जातात. मामा, सामना त्या चार मिनिटांतच असतो रे. छत्तीस मिनिटं मी उड्या मारून चेंडू काढायचे आणि खरी वेळ आली की टॉवेल खांद्यावर टाकून बाकावर बसायचं. माझं हे शेवटचं वर्ष आहे. मला बाकावर बसून संपवायचं नाहीये.

तू इतकी वर्षं गवंडीकाम करतोयस. तुझी भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा लावायची हिंमत कोणी करत नाही. मला एवढंच सांग : साडेचार मीटरवरून दहा फुटांवर एखादी गोष्ट अलगद कशी पोचवायची? खाली चित्र काढलंय.

खांदा कसा आहे? पायरीवरून घसरायचं वय आहे का तुझं?

तुझी
शिडी
(तू ठेवलेलं नाव आता अख्खा संघ वापरतो. तुझं भलं होवो.)


१३ ऑगस्ट

शिडे,

पत्र मिळालं. चित्रही मिळालं. ती रिंग मला आधी विहीर वाटली. मामी म्हणाली, विहीर वर कशाला असेल, कागद फिरवून बघ. फिरवला तर तू उलटी झालीस.

एक गोष्ट डोक्यात शिरत नाही. फ्री म्हणजे फुकट ना? मग फुकटचं कोणी सोडतं का गं? आमच्या कामावर फुकटचा चहा आला तर माणसं हातातलं घमेलं टाकून धावतात. तू नऊतले सात सोडून दिलेस! कोणावर गेलीस कोण जाणे. ताईवर तर नाही.

पण प्रश्न तू बरोबर माणसाला विचारलास. तुझ्या वयाचा होतो तेव्हा माझं कामच ते होतं. भिंत चढत जाते तशा विटा वर लागतात. मी जमिनीवर, झेलणारा परांचीवर. मी खालून एक वीट फेकायची, त्याने ती झेलून बाजूला ठेवायची, तोवर दुसरी. दिवसभर.

आता ऐक, यात सगळं आहे. जोरात गेली तर झेलणाऱ्याची बोटं फुटतात. कमी पडली तर ती माझ्याच टाळक्यात. म्हणून वीट त्याच्या हाताशी पोचते तेव्हा ती दमलेली पाहिजे. तिला आणखी वर जायचा दम उरलेला नाही आणि खाली यायला अजून सुरुवात नाही, तेवढ्यात त्याने ती घ्यायची, फळीवरचा डबा घ्यावा तशी. आमचा म्हातारा मिस्त्री वरून सारखा ओरडायचा, "दमलेली पाठव रे, दमलेली!"

तुझा चेंडूही रिंगशी दमून पोचला पाहिजे. मग कडेला लागला तरी उसळून पळणार नाही, तिथेच घुटमळेल आणि आत पडेल.

पाय फाकवून उभी राहा. चेंडू दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंनी धर आणि गुडघ्यांच्या मधे खाली ने. गुडघे वाकव. मग पाय उठतील, त्यांच्याबरोबर हात उठतील, हात छातीच्या वर आले की सोडून दे. ताकद पायांची, हातांनी नुसतं सोबत जायचं. आता हे सगळं तू करतच असशील. माझा अंदाज, गुडघे कमी वाकवतेस. एवढे लांब पाय दुमडायचा तुला आळस.

खांदा ठीक.

मामा

मामीकडून दोन ओळी : हे पत्र लिहिताना हा माणूस तीनदा उठला आणि उशी खालून वर फेकून बघितली. तिसऱ्या वेळी दिवा फुटला. तू नीट खात जा.


२१ ऑगस्ट

मामा, मामा, मामा!

तुझं पत्र मी खोलीत मोठ्याने वाचलं आणि 'गुडघ्यांच्या मधे खाली ने' इथे पोचल्यावर चष्मिश पलंगावरून खाली पडली. (चष्मिश म्हणजे आमची सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात हुशार खेळाडू. चेंडू तिच्या हातात असला की मी निर्धास्त.) अरे, खालून कोणी टाकत नाही! चेंडू डोक्याच्या वर न्यायचा आणि एका हाताने मनगट वळवून टाकायचा. सगळं जग तसंच टाकतं. खालून फक्त पहिली-दुसरीतली पोरं टाकतात, ज्यांचा चेंडू नाहीतर रिंगपर्यंत पोचतच नाही. तुला मी वरून टाकते असं सांगायचं राहिलंच, कारण ते सांगावं लागेल असं कुणाच्या स्वप्नात येईल? आणि तू विटा फेकलेला माणूस, वर पाठवायची वस्तू खालूनच जाणार असं धरून चाललास!

खूप हसलो. डोळ्यांतून पाणी आलं.

आता पुढचं गुपचूप वाच. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मैदानावर कोणी नव्हतं. मी एकटी. वरून वीस टाकले, सात गेले. मग इकडेतिकडे बघितलं, झाडलोट करणाऱ्या मावशीसुद्धा लांब होत्या, आणि म्हटलं बघू तरी. पहिला रिंगच्या खालून गेला. दुसरा रिंगमागच्या फळीवर आपटून मागे. तिसरा टाकताना गुडघे वाकवले, खरंच वाकवले, आणि मामा, तो चेंडू वर गेला, रिंगच्या पुढच्या कडेवर बसला, विचार केला आणि आत पडला! उसळलाच नाही! विसात तेरा गेले. मी पुन्हा वीस टाकले. चौदा!

मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडले तर कोणीतरी येऊन बघेल, म्हणून मैदानाला दोन चकरा मारल्या.

नियमांचं पुस्तक वाचून काढलं. खालून टाकू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. पण मामा, सामन्यात, लोकांसमोर? तसं उभं राहायचं, पाय फाकवून, चेंडू खाली धरून? एवढी ताडमाड मुलगी? मेले तरी नाही.

तू अजून लिही मात्र. चेंडू सोडताना बघायचं कुठे?

शिडी


३० ऑगस्ट

शिडे,

तेरा! चौदा! मी मामीला सांगितलं, मामीने शेजारणीला सांगितलं, शेजारणीला वाटलं तुला मार्क पडले. असो.

वरून टाकतात हे मला नवीन आहे. आम्ही एका दुकानासमोर उभे राहून टीव्हीवर एक सामना पाहून आलो. खरंच की! एवढ्या धडधाकट मुली डोळ्यांसमोर हात धरून टाकतात. स्वतःचाच हात मधे, मग दिसणार काय? जोराने जातो आणि कडेला आपटून कुठल्या कुठे. विटा अशा फेकल्या असत्या तर आमच्यातला एकही झेलणारा आज धड नसता.

बघायचं कुठे विचारतेस. विटेकडे कधी बघू नये, ती आपल्या हातातून गेली की गेली. झेलणाऱ्याच्या तळव्याकडे बघायचं. तुला तळवा नाही, तर रिंगची मागची कड बघ. आणि टाकायच्या आधी श्वास सोड, भरू नको. श्वास भरला की खांदे वर येतात.

लाजेबद्दल लिहिलंस ते वाचलं. त्यावर मला आज काही सुचत नाही.

मामा

मामीकडून : त्याला पुष्कळ सुचतंय, लिहीत नाहीये. आणखी एक. यांनी एका जुन्या घमेल्याचा तळ कापून ते कामावर दहा फुटांवर ठोकलंय. जेवणाच्या सुट्टीत गिलावावाले विरुद्ध फरशीवाले असे सामने होतात. मुकादम आधी चिडला, आता तोच गुण मोजतो. सगळे खालून टाकतात, कारण वरून टाकतात हे या माणसाने कोणाला सांगितलेलंच नाही.


९ ऑक्टोबर

मामा,

महिनाभर लिहिलं नाही, रागावू नको. सामने चालू होते. पाच जिंकलो, दोन हरलो, सेमीफायनल कालच जिंकलो. फायनलला पोचलो आहोत. पण मी काल शेवटची चार मिनिटं बाकावर होते आणि जिंकल्यावर सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडल्या तेव्हा मी टॉवेलची घडी घालत होते.

तुझी पद्धत करून पाहिली. सामन्यात चालत नाही. काल मला आठ मिळाले, दोन गेले. मी तू सांगितलंस तसंच केलं, पण रेघेशी उभी राहून चेंडू डोक्यावर नेला की मनगट वळायचं तिथे वळतच नाही. प्रेक्षकांतली मुलं नावाने ओरडतात. सकाळी एकटी असताना ठीक असतं, तेवढंच.

तुझं काही चुकलं नाही. मलाच जमत नाही. फायनल चौदा नोव्हेंबरला आहे, गेल्या वर्षी आम्हाला हरवणाऱ्या त्याच निळ्या जर्सीवाल्या संघाशी. मी छत्तीस मिनिटं खेळेन. तेही काही कमी नाही, असं आई म्हणते.

शिडी


१७ ऑक्टोबर

शिडे,

तू मला थापा मारतेस.

चेंडू डोक्यावर नेला म्हणे. खालून टाकणाऱ्याच्या डोक्यावर चेंडू जाईल कशाला? आणि मनगट कुठून आलं? मी तुला मनगटाचा म पण लिहिला नव्हता. त्या दिवशी तू वरूनच टाकलेस, आठच्या आठ. सकाळी सहाला एकटी असताना खालून टाकतेस आणि लोक असले की वरून. माझी पद्धत सामन्यात चालत नाही म्हणतेस, ती बिचारी सामन्यात आलीच कुठे?

वाचून असा तापलो की मामीने पत्र माझ्या हातातून काढून घेतलं. मग म्हणाली, "तू कुठला शहाणा लागून गेलास? तिला खरं सांग." म्हणून सांगतो. ताईला सांगू नको.

मी पायरीवरून घसरलो नव्हतो. दोन वर्षांपूर्वी मामीने मला कानाचं यंत्र आणून दिलं. मी ते एक दिवस घातलं. कामावर एकाने विचारलं, "मिस्त्री, रेडिओवर काय लागलंय?" सगळे हसले. मी पण हसलो. घरी येऊन ते डब्यात ठेवलं ते ठेवलंच. मार्चमध्ये वरून एक वीट निसटली. वरचा ओरडला, "सरका!" आजूबाजूचे सगळे सरकले. मी उभा. ती खांद्यावर बसली. चार बोटं इकडे आली असती तर आज हे पत्र मामीने लिहिलं असतं.

चाळीस माणसांच्या एका हसण्यासाठी मी माझं डोकं पणाला लावलं होतं, शिडे. ते हसलेले आता कोणाला आठवतही नाही, मी विचारून बघितलं.

काल यंत्र घालून कामावर गेलो. त्याच माणसाने पुन्हा रेडिओचं विचारलं. या वेळी मला ते नीट ऐकू आलं, म्हणून उत्तरही देता आलं. काय दिलं ते मुलींना लिहिण्यासारखं नाही.

माझं मी केलं. आता तू तुझ्या मॅडमकडे जा आणि त्यांना दाखव. आणि मला खरं ते कळव, शंभरातले दहा गेले तरी चालेल.

मामा


२७ ऑक्टोबर

मामा,

तुझं पत्र वाचून मी रडले. मग राग आला. मग पुन्हा रडले. पुन्हा असं काही लपवलंस तर मी येऊन तुझ्या कानात ओरडेन, आता ऐकू येईल तुला.

हो, थाप मारली. त्या दिवशी रेघेशी गेले, चेंडू खाली न्यायला लागले आणि समोरून एक मुलगी नुसती माझ्याकडे बघून हसली. हसली की सहज बघितलं, तेही माहीत नाही. तेवढ्याने मी चेंडू वर नेला.

शुक्रवारी सरावानंतर मॅडमना म्हटलं, मला शंभर टाकायचेत, पण वेगळे. त्यांनी अख्ख्या संघाला बसवून ठेवलं. मला वाटलं होतं एकटीला बघतील! पहिला खालून टाकला तेव्हा जो हशा झाला म्हणून सांगू. कॅप्टन तोंडावर हात ठेवून पाठ फिरवून उभी राहिली. मी श्वास सोडला. मागची कड बघितली. दहापैकी आठ गेले. वीसपैकी सोळा. तिसाच्या आसपास हसणं थांबलं. पन्नासनंतर चष्मिश मोजायला लागली, मोठ्याने. सत्तरला सगळ्याच मोजायला लागल्या. शेवटचा गेला तेव्हा त्र्याऐंशी! मामा, त्र्याऐंशी! आमच्या संघात एकीचेही इतके नाहीत!

मॅडम उठून माझ्याजवळ आल्या. मग विचारलं, "हे कोणी शिकवलं?"

"मामाने."

"कुठल्या संघाकडून खेळायचे?"

मी म्हटलं, "गवंडी आहेत." त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग विटांचं सगळं सांगितलं. त्यांनी स्वतः एक चेंडू घेऊन खालून टाकून बघितला, तो रिंगच्या बराच अलीकडे पडला. म्हणाल्या, "गुडघे कमी पडले." मी म्हटलं, "हो मॅडम." मग त्या म्हणाल्या, "शेवटची चार मिनिटं तू आहेस."

मी घाबरलेय आणि आनंदाने वेडी झाले आहे, दोन्ही एकदम. चौदा नोव्हेंबर!

शिडी


१५ नोव्हेंबर

मामा,

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे. क्रमाने सांगते. तू मधल्या ओळी गाळून शेवट वाचशील हे माहीत आहे, तरी क्रमाने वाच.

हॉल गच्च भरला होता. छत्तीस मिनिटं संपली तेव्हा निळ्या ५४, आम्ही ५१. मॅडमनी खेळ थांबवला. सवयीने मी टॉवेल उचलला. मॅडमनी तो माझ्या हातातून घेऊन बाकाखाली टाकला.

पहिल्याच मिनिटाला चेंडू माझ्याकडे आला आणि त्यांनी मला धरलं. चुकून वगैरे काही नाही, मिठीच मारली. त्यांच्या एका मुलीने दुसरीला टाळी दिली, मी बघितलं. फाऊल इतके झाले होते की प्रत्येक धक्क्याला आता दोन फ्री थ्रो.

मी रेघेशी उभी राहिले. पाय फाकवले. चेंडू खाली नेला. मामा, सगळा हॉल हसला. आमच्या बाजूचेसुद्धा! कोणीतरी ओरडलं, "बाळाला उचलून घ्या!" माझे कान इतके गरम झाले की वाटलं आता पेटतील. हात वर यायला लागले होते, खरं सांगते, आपोआप वर यायला लागले होते. मग मला तू दिसलास, त्या माणसांमधे उभा, बाकीचे सगळे सरकलेले. मी हात खाली नेले. श्वास सोडला. टाकला.

आत. जाळी हलली फक्त.

दुसरा कडेवर बसला, घुटमळला आणि आत. ५३–५४. हसणं चालू होतं, पण जरा गोंधळलेलं.

त्यांनी बास्केट केलं, ५३–५६. पुन्हा मला धरलं. पहिले दोन नशिबाने गेले असतील असं त्यांना वाटलं असणार. या वेळी घाईत माझे गुडघे वाकलेच नाहीत, चेंडू रिंगला न लागता खाली. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी! दुसऱ्याला मी मुद्दाम हळू केलं. पाच सेकंदांची मुदत असते, चार घेतले. आत. ५४–५६. मग चष्मिशने लांबून टाकला, तीन गुण, ५७–५६! माझा आवाज तिथेच बसला. लगेच त्यांनी दोन केले. ५७–५८.

एकोणीस सेकंद. मी रिंगखाली चेंडू घेऊन उठले, बास्केट झाल्यातच जमा होतं, आणि त्यांच्या उंच मुलीने माझे दोन्ही हात खाली ओढले. दोन गुण सरळ देण्यापेक्षा हिला रेघेशी पाठवावं, हा वर्षभराचा हिशेब.

मामा, तिसऱ्यांदा मी पाय फाकवले तेव्हा कोणी हसलं नाही. मला ते हसण्यापेक्षा जड गेलं. दोन हजार माणसं आणि पंख्याचा आवाज. पहिला टाकला. कडेवर चढला, एक फेरी, अर्धी फेरी, मी मनात म्हटलं दम रे, दम... आत! ५८–५८. दुसरा टाकला आणि हातातून सुटल्याबरोबर मला कळलं. मी बघितलंसुद्धा नाही. ५९–५८!

आता त्यांचा हल्ला. त्यांच्या मुलीने टाकलेला चेंडू रिंगवरून उसळला आणि तो मी काढला. पाच सेकंद बाकी. आता त्यांच्याकडे एकच उपाय, आमच्यातल्या कोणालातरी धरायचं, खेळ थांबवायचा आणि आमचे फ्री थ्रो चुकतील अशी आशा करायची. दोघी माझ्यावर धावून आल्या. आणि त्यांच्या कोच बाकावरून उठून जिवाच्या आकांताने ओरडल्या :

"तिला नको! तिला हात लावू नका! दुसरीला धरा!"

त्या दोघी जागच्या जागी थांबल्या. हात वर करून मागे सरल्या! बाकीच्या पळत जाऊन आमच्या चौघींना चिकटल्या आणि वाट बघायला लागल्या, मी चेंडू कोणाकडे देते याची. चष्मिश किंचाळली, "शिडी, कोणाला देऊ नकोस!"

मी दिला नाही. मी चेंडू पोटाशी धरून तिथेच रिंगखाली उभी राहिले. चार. तीन. माझ्याभोवती हाताच्या अंतरावर कोणी नाही. त्या उंच मुलीने आपल्या कोचकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तरीही हात लावला नाही. दोन. एक.

भोंगा!

पुढचं मला नीट आठवत नाही. माझ्या अंगावर अकरा जणी होत्या आणि सगळ्यात वर मॅडम होत्या.

शिडी


२१ नोव्हेंबर

शिडे,

क्रमाने वाचलं नाही. आधी शेवट वाचला, मग सुरुवात, मग पुन्हा शेवट.

दुपारी वाळूच्या ढिगावर उभा राहून सगळ्यांना वाचून दाखवलं. तुझा तो न लागता पडलेला चेंडू आला तेव्हा फरशीवाला म्हणाला, "गुडघे!" शेवटचे पाच सेकंद वाचले तर मुकादम म्हणाला, "मग तिने काय केलं?" मी म्हटलं, काही नाही, उभी राहिली. तो म्हणाला, "एवढंच?" त्याला तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा समजल्यावर त्याने सगळ्यांना अर्धा तास सुट्टी दिली.

मला मात्र कालपासून त्याच्याशिवाय दुसरं काही सुचत नाहीये. मी तुझ्यावर भरवसा ठेवला, त्यात विशेष काही नाही, मी मामा आहे. मॅडमनी ठेवला, त्यांनी त्र्याऐंशी मोजले होते. पण त्या निळ्या मुलींना तुझं काय कौतुक? तुझा नेम चुकावा म्हणून त्या वर्षभर तुला ओढत होत्या. त्यांना जिंकायला एकच धक्का हवा होता आणि तू हातभर अंतरावर होतीस. तरी त्यांनी तो मारला नाही, कारण हिचा आत जाणारच याची त्यांना खात्री होती. इतका भरवसा तर आमच्या अख्ख्या आयुष्यात आमच्या माणसांनीही आमच्यावर ठेवला नाही गं.

हे मी मामीला बोलून दाखवत होतो. ती म्हणाली, "आता रडणं पुरे."

मी म्हटलं, "ती कशाला रडेल? जिंकली ती."

मामी म्हणाली, "मी तिला सांगत नाहीये."

मामा